पोरांना बॉल जागेवर टाकायला कसं शिकवायचं: सुझान लेंग्लेनचा रुमाल

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या टेनिस कोर्टावर सकाळी सहाला पोरं येतात आणि सगळ्यांना जोरात हाणायचंच असतं, बॉल मागच्या जाळीला जाऊन आपटला की खूश. अशा पोरांसाठी मी सुझान लेंग्लेन या जुन्या फ्रेंच टेनिसपटूचा रुमाल काढतो.

सुझान १८९९ साली पॅरिसला जन्मली, तिला टेनिस वडिलांनी म्हणजे शार्ल यांनी शिकवलं. ते कोर्टावर रुमाल टाकायचे आणि तिने त्यावर बॉल पाडायचा, जमलं की रुमाल दुसरीकडे. १९१४ ला, जेमतेम १५ वर्षांची असताना ती जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली, पुढे विम्बल्डन सिंगल्स ६ वेळा, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सिंगल्सचं सुवर्ण, तेही अख्ख्या स्पर्धेत फक्त ४ गेम गमावून! मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

आता करायचं कसं. एकदम रुमाल टाकू नका, पोर हिरमुसतं. आधी आंघोळीचा पंचा घ्या, ओला करून पिळा म्हणजे वाऱ्याने उडत नाही, आणि समोरच्या कोपऱ्यात बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेघेच्या) दोन-तीन हात आत टाका, साइडलाइनपासूनही (बाजूच्या रेघेपासूनही) तेवढाच लांब. लाइनीला चिकटून ठेवलात तर निम्मे बॉल आउट जातात. पहिले शॉट तिरकेच मारायला लावा, कारण नेट मधे ३ फूट असतं आणि खांबाशी साडेतीन, शिवाय तिरकं कोर्ट लांब मिळतं. बॉल हातानेच टाकून द्या. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत बॉल उसळत नाही, तेव्हा जरा उंचावरून टाका.

दहातले चार पंच्यावर पडायला लागले की पंच्याची घडी, मग रुमाल, मग दोन कोपऱ्यांत दोन रुमाल.

आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी आहे, तिचा बॉल रोज पंच्याच्या हातभर उजवीकडे. नीट बघितलं तर मारायच्या आधीच तिची मान पंच्याकडे वळत होती. तिला म्हटलं, रॅकेटला बॉल लागल्याचा आवाज येईपर्यंत मान उचलायची नाही बाळा. तिसऱ्या दिवशी ओल्या कपड्यावर फट्‌ असा आवाज आला आणि ती कोर्टभर नाचली.

१९१९ च्या विम्बल्डन फायनलला सुझानने डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सला १०-८, ४-६, ९-७ असं हरवलं, दोन मॅच पॉइंट वाचवून, म्हणजे दोनदा हरायला एकच पॉइंट उरलेला असताना. थकल्यावरही बॉल जागेवर पडायला हवा ना, म्हणून आठवड्यातून एकदा हे शेवटी घ्या, पोरं दमलेली असताना.

शार्ल फार कडक होते, तेवढं मात्र उचलू नका. वीस मिनिटं झाली की रुमाल खिशात टाका आणि पोरांना मोकळी मॅच खेळू द्या.