स्टर्नड्राइव्ह इंजिन तापत असेल, तर पाण्याच्या वाटेने दोष शोधा

स्टर्नड्राइव्ह बोटीचे, म्हणजे इंजिन आत आणि प्रोपेलर फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर असलेल्या बोटीचे, इंजिन तापू लागले की बहुतेक जण आधी इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी पात्यांचे चाक, बदलतात, आणि अनेकदा दोष तेथेच निघत असल्यामुळे ही सवय पक्की होते. मात्र नवा इम्पेलर बसवूनही तापमानाचा काटा चढतच राहिला, तर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप), बेल्ट, पंप असे एकेक भाग अंदाजाने बदलले जातात आणि खर्च वाढत जातो. त्यापेक्षा पाणी कोठून येते, कोणत्या क्रमाने फिरते आणि कोठून बाहेर पडते हे डोळ्यांसमोर ठेवून तपासणी केली, तर दोषाची जागा बहुधा एखादाही भाग विकत घेण्यापूर्वी सापडते.

समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणारे, मर्क्रूझर या ब्रँडच्या अल्फा वन जोडणीचे व्ही-८ पेट्रोल इंजिन उदाहरणादाखल घेऊ. या जोडणीत पाणी खेचणारा पंप इंजिनावर नसून बाहेरच्या ड्राइव्हमध्ये, खालच्या गिअरकेसच्या माथ्यावर असतो. तेथून पाणी ड्राइव्हमधून वर चढते, बोटीची मागची भिंत ओलांडून पॉवर स्टिअरिंगच्या कूलरमधून थर्मोस्टॅटच्या घरात येते आणि तेथे त्याला दोन वाटा फुटतात. एका वाटेचे पाणी इंजिनापुढचा सर्क्युलेटिंग पंप ब्लॉकमध्ये फिरवतो, तर उरलेले पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) आणि पुढे एल्बोमध्ये (तिच्या टोकाच्या वळणाच्या नळीत) जाऊन धुराबरोबर बाहेर पडते. मर्क्रूझरच्याच ब्राव्हो जोडणीत पाणी खेचणारा हा पहिला पंप इंजिनावर बेल्टने फिरतो. त्यामुळे तेथे पंपाच्या आधीचा होज सैल असेल तर हवा आत ओढली जाते, किंवा तो आतून सोलवटलेला असेल तर ओढीने मिटतो.

तपासणीची सुरुवात काट्यावरच शंका घेऊन करावी. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचे तापमान मोजावे. चकचकीत धातूवर हे यंत्र फसवे आकडे देते, म्हणून रंग दिलेल्या मंद पृष्ठभागावर नेम धरावा. अशा अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट १६० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ७१ अंश सेल्सिअसचा असतो. काटा फार वरचा आकडा दाखवत असताना धातू मात्र त्याच सुमारास असेल, तर दोष सेन्सरचा, वायरीचा किंवा काट्याचाच आहे.

त्यानंतर इंजिन केव्हा तापते याची नोंद घ्यावी. संथ चालताना ठीक राहून वेग वाढवताच तापत असेल, तर पाणी येते पण पुरेसे येत नाही. त्यामागे झिजलेला इम्पेलर, शेवाळाने किंवा शिंपल्यांनी बुजलेली जाळी, अथवा बंदरात नेहमी भेटणारी प्लास्टिकची पिशवी असू शकते. अशा वेळी गती एकदम उतरवून क्षणभर रिव्हर्स दिल्यास पिशवी सुटतेही; तरीही काटा उतरत नसेल, तर इंजिन बंद करावे. आउटबोर्डसारखी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनासारखी, पाणी फिरत असल्याची खात्री देणारी पाण्याची पिचकारी येथे नसते, हे आउटबोर्डची सवय असलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

सर्वांत उपयोगी माहिती मिळते ती तापमानांच्या तुलनेतून. ब्लॉक तापलेला आणि दोन्ही मॅनिफोल्ड गार असतील, तर समुद्राचे पाणी इंजिनापर्यंत पोहोचत आहे आणि दोष थर्मोस्टॅट, सर्क्युलेटिंग पंप किंवा त्याच्या बेल्टमध्ये आहे. त्याच बेल्टवर आल्टरनेटर असेल तर चार्जिंगही घसरलेले दिसते. सगळेच तापले असेल तर पुरवठा तुटला आहे. एकाच बाजूचा एल्बो दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल, तर त्या बाजूची वाट बुजली आहे. थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे: भांड्यातल्या पाण्यात तो थर्मामीटरसह टांगून पाणी तापवावे आणि त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागतो का ते पाहावे. तो काढून टाकून बोट चालवण्याचा सल्ला धक्क्यावर हमखास मिळतो, पण त्याने पाण्याची वाटणी बिघडते आणि खरा दोष झाकला जातो.

इम्पेलर काढल्यावर त्याची पाती मोजणे हे माझ्या मते सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे. दोन पाती तुटलेली असतील तर ती कोठेतरी पुढे गेलेली आहेत, आणि त्यांची आवडती जागा म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा कूलर. त्याचे येणाऱ्या पाण्याच्या बाजूचे तोंड उघडून रबराचे तुकडे काढावेत आणि उलट दिशेने पाणी सोडून तो धुवावा. पंपाच्या घराला आतून ओरखडे पडले असतील किंवा ते उष्णतेने वितळले असेल, तर केवळ इम्पेलर बदलून भागत नाही.

कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या पाण्यात एल्बोकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. गंजाचे पापुद्रे आणि क्षार मिळून आतली वाट अरुंद करतात, आणि गॅस्केटची जागा खाल्ली गेली की पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. बाहेरचा रंग शाबूत आहे एवढ्यावर विसंबू नये. दर तीन-चार वर्षांनी, पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना, एल्बो उघडून पाहावा. तेल दुधाळ झाले असेल, तर इंजिन चालवून पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी पाणी कोठून शिरले ते शोधावे.

जमिनीवर पाण्याचे मफ (ड्राइव्हच्या पाणी घेणाऱ्या जाळीवर बसवून नळाचे पाणी देणाऱ्या रबरी वाट्या) लावून चाचणी घेताना प्रोपेलर काढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (इंजिनखान्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटे चालवावा आणि १५०० आरपीएमच्या वर जाऊ नये. पाणी सुरू नसताना किल्ली फिरवू नये, कारण कोरडा इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. नळाचे पाणी दाबाने येत असल्यामुळे दुबळा पंपही येथे धडधाकट भासतो, म्हणून दुरुस्तीची अंतिम परीक्षा समुद्रात, भरल्या वजनानिशी आणि नेहमीच्या वेगाने, थर्मामीटर हाताशी ठेवूनच घ्यावी.