अस्सल सुटे भाग आफ्टरमार्केटच्या किमतीत कसे मिळवावेत

अमेरिकेत अपघातग्रस्त गाडीच्या विम्याच्या एस्टिमेटमध्ये बंपर, फेंडर, बॉनेट किंवा हेडलॅम्प यांसाठी पुष्कळदा आफ्टरमार्केट भाग, म्हणजे मूळ वाहन उत्पादकाऐवजी दुसऱ्याच कंपनीने बनवलेला भाग, लिहिलेला असतो, कारण तो स्वस्त पडतो. ही विक्री हातची जाऊ नये म्हणून काही वाहन उत्पादक आपल्या अस्सल भागाची किंमत त्या एका दुरुस्तीपुरती खाली आणतात आणि डीलरचे होणारे नुकसान स्वतः भरून देतात. जनरल मोटर्सची ‘बम्प द कॉम्पिटिशन’ ही योजना याच जातीची होती.

बॉडी शॉपने, म्हणजे गाडीची बॉडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजने, सर्वप्रथम एस्टिमेट जसे आहे तसेच, गाडीच्या व्हिन क्रमांकासह (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक), ‘कोलिजनलिंक’सारख्या भागांच्या ऑनलाइन ऑर्डर प्रणालीतून डीलरकडे पाठवावे. आफ्टरमार्केटची ओळ खोडून तिथे अस्सल भाग लिहिण्याची घाई करू नये. स्पर्धकाचा भाग आणि त्याची किंमत एस्टिमेटमध्ये दिसली, तरच सवलतीचा हिशेब सुरू होतो. प्रत्येक भाग योजनेत बसतोच असे नाही, त्यामुळे डीलरचे उत्तर ओळीनिहाय तपासावे लागते.

खरी मेख तुलनेत आहे. छापील किमतींची तुलना निरुपयोगी ठरते. शॉपला भाग प्रत्यक्ष कितीला पडतो आणि विमा कंपनी त्याचे किती देते, एवढेच पाहावे. समजा, एस्टिमेटमध्ये आफ्टरमार्केट फेंडर २०० डॉलरना आहे आणि शॉपला तो १५० डॉलरना मिळतो, म्हणजे ५० डॉलर सुटतात. अस्सल फेंडरची छापील किंमत २९० डॉलर असली, तरी डीलरने तो १५० डॉलरना दिल्यास मिळकत तेवढीच राहते. त्याने १६५ डॉलर सांगितले, तर १५ डॉलर कमी सुटतील. मात्र आफ्टरमार्केट भागाच्या फटी जुळवण्यात कारागिराचा जाणारा वेळ आणि न बसणारा भाग परत पाठवण्याची दगदग जमेस धरली, तर माझ्या मते बहुतेक वेळा अस्सल भागच परवडतो. याउलट ‘किंमत जुळवून देतो’ म्हणणारा डीलर १५० ऐवजी २०० डॉलरशी जुळवत असेल, तर शॉपच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी निव्वळ खरेदी किंमत लेखी घ्यावी.

भाग बदलल्याची नोंद अंतिम बिलात करावी आणि विमा कंपनीकडून ठरलेलीच रक्कम घ्यावी. सवलतीत घेतलेला भाग छापील किमतीला लावणे ही सरळ फसवणूक आहे. अनेक राज्यांत अस्सल नसलेल्या भागांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक असल्यामुळे ग्राहकाला दिलेल्या कागदावरही हा बदल दुरुस्त करून द्यावा.

गाडी उघडल्यावर आणखी नुकसान आढळले, तर पुरवणी एस्टिमेटही त्याच डीलरकडे पाठवावे. पहिली सवलत नव्या ओळींना आपोआप लागू होईल असे धरून चालू नये.