कट दुसऱ्यांचा, गाडी आपल्या आशिलाची: अपहरणात शिक्षेवर युक्तिवाद कसा करायचा

सेशन कोर्टात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी लिहितोय. प्लॅन चौघांनी केला, आपला माणूस शेवटी गाडी चालवायला किंवा खोलीवर पहारा द्यायला आला, मग शिक्षा कमी व्हायला हवी ना? व्हायला हवी, पण "कट माझा नव्हता" एवढ्यावर ती होत नाही, कारण माहीत असून सामील झाला तर समान इरादा (भारतीय न्याय संहिता कलम ३(५)) किंवा कट (कलम ६१) लागतो आणि मग मागून आलेलाही त्याच गुन्ह्यात धरला जातो. पळवलेल्या मुलाला लपवून ठेवणाऱ्याला तर कलम १४२ प्रमाणे स्वतः पळवल्यासारखीच शिक्षा आहे.

म्हणून आधी कलम बघा, खरी लढाई तिथेच आहे. खंडणीसाठी अपहरण म्हणजे कलम १४०(२), जुन्या भारतीय दंड संहितेचं ३६४अ (१ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुनंच लागतं), यात फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली जजसाहेबांना उतरताच येत नाही, भूमिका कितीही छोटी असो. हे कलम टिकलं की आरोपीचं वय, घरची परिस्थिती सगळं सांगूनही जन्मठेपच.

इथे शेख अहमद विरुद्ध तेलंगणा, २०२१ नीट वाचाच. हैदराबादचा रिक्षावाला, शाळकरी मुलगा पळवला, दोन लाख मागितले. सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसतं पळवणं आणि पैसे मागणं पुरत नाही, जिवाची किंवा इजेची धमकी, तशी भीती वाटावी असं वागणं किंवा प्रत्यक्ष इजा, यातलं काहीतरी सिद्ध व्हायला हवं. ते झालं नाही म्हणून जन्मठेप गेली, कलम ३६३ (साधं अपहरण) खाली सात वर्षं झाली. तेव्हा धमकीचा फोन कुणी केला, आपल्या माणसाला त्याची माहिती होती का, हे उलटतपासणीतच काढा, शिक्षेच्या दिवशी उशीर झालेला असतो.

१३७(२) (साधं अपहरण) किंवा १४०(३) (गुपचूप डांबून ठेवण्यासाठी अपहरण) वर आलात, म्हणजे कमाल सात वर्षं, की मग भूमिकेला किंमत येते. दोषी ठरल्यावर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) २५८(२) प्रमाणे शिक्षेवर ऐकून घ्यावंच लागतं, त्या दिवशी "गरीब आहे साहेब, दया करा" एवढंच बोलून खाली बसू नका, मला याचा फार राग येतो, माणसाची वर्षं जातात त्यात. सीडीआरवरून (फोन कॉलच्या नोंदींवरून) दाखवा की त्याला पहिला फोन कधी आला, पैशात वाटा होता का, मुलाला खायला-प्यायला कुणी दिलं, मारहाण होताना तो कुठे होता. आणि मुलाने भोगलेलं कमी लेखू नका, उलट भरपाईची तयारी असेल तर स्वतःहून सांगा. आशील एकवीसच्या आतला असेल तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडण्याचा कायदा) कलम ६ दाखवा, जन्मठेपेच्या गुन्ह्याला ते चालत नाही पण इथे चालतं. कच्च्या कैदेत काढलेले दिवस बीएनएसएस ४६८ खाली वजा होतात, त्याचा जेलचा दाखला आधीच मागवून ठेवा.