जुन्या वाड्याच्या रंगाची तपासणी करून घेताय? या चुका टाळा

रंगाची तपासणी म्हणजे लाकडावर-भिंतीवर साचलेले रंगाचे थर प्रयोगशाळेत पाहून वाड्याचा मूळ रंग आणि मागाहूनचे बदल शोधणं. यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रंगारी आधी आणि तपासणी नंतर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात लग्न निघालं की वाड्याची दारं-चौकटी सँडपेपरने घासून नागडं लाकूड काढतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे थर गेले, ते कुठल्याच प्रयोगशाळेला परत आणता येत नाहीत. कोरडं घासणं जिवालाही घातक, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती 2017 मध्ये.

नुसतं ‘रंग तपासून द्या’ म्हणून काम देऊ नका. प्रश्न लिहून द्या. सोप्याच्या (ओसरीच्या) खांबांचा पहिला रंग कोणता? माडी मागाहून चढवली का? माडीचा प्रश्न असेल तर खालच्या आणि वरच्या चौकटींचे थर शेजारी ठेवून पाहावे लागतात, म्हणजे नमुन्यांच्या जागाच बदलतात.

हात लागून झिजलेल्या जागी नमुना घेऊ देऊ नका. बिजागरीमागे, नक्षीच्या खाचेत, तुळईच्या कोपऱ्यात थर शाबूत असतात. नमुना तांदळाच्या कणीएवढा पुरतो, पण तो लाकडापर्यंत किंवा गिलाव्यापर्यंत पोचलाच पाहिजे. तो रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेत) बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली साध्या आणि अतिनील प्रकाशात पाहतात. दोन थरांमधली धुळीची काळी रेघ तिथेच दिसते, आणि एखादा रंग बराच काळ उघडा होता हे तीच सांगते. ब्लेडने खरवडून हे कळत नाही. खानापूरच्या पावसात भिजलेल्या चुन्याच्या भिंतींना हात लावू नका, त्या सुकू द्या. नीळ घातलेल्या चुन्याखाली चित्राची रेघ दिसली तर काम तिथेच थांबवा आणि भित्तिचित्रांच्या जाणकाराला बोलवा.

अहवाल चक्रावून टाकतो तेव्हा तो चुकीचाच असतो असं नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या वाड्यात तळाच्या थरात टायटॅनियम पांढरा निघाला, तर ते लाकूड पूर्वी कधीतरी खरवडलेलं किंवा बदललेलं असण्याची शक्यता मोठी. हा पांढरा बाजारात आला 1920 च्या आसपास. दुसऱ्या जागचा नमुना मागा. दाराला चौकटीपेक्षा कमी थर असतील तर दार नंतरचं असण्याची शक्यता मोठी.

मोबाइलच्या फोटोवरून रंग जुळवू नका. फोटोत दिसतो तो मूळ रंग असेलच असं नाही: वरच्या थरांखाली दडलेला जवसाच्या तेलातला रंग पिवळा पडतो, निळा हिरवट दिसतो.

इमारत संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. उरलेले नमुने आणि जागांचे फोटो परत मिळतील, हे करारात लिहून घ्या. आणि नवा रंग देताना प्रत्येक खोलीत हातभर पट्टी जुन्या थरांसकट तशीच ठेवायला रंगाऱ्याला सांगा.