पाण्यातल्या सुरीचं म्यान: या चुका टाळा

कोलाडला कुंडलिकेत राफ्ट उलटला. सगळे सुखरूप वर आले, पण अडकलेला दोर कापायला छातीवर बाळगलेल्या सुरीचं म्यान रिकामं होतं. घरी ते उलटं धरून दहा वेळा झटकलं होतं, तेव्हा सुरी हललीही नव्हती. फक्त तेव्हा ते कोरडं होतं.

चूक पकडीची होती. मी म्यानाने पातं आवळलं होतं. तसं केलं की धार दर खेपेला आतलं प्लास्टिक खरवडते, म्यान सैल होतं आणि धारही मरते. पकड मुठीपुढच्या आडव्या कडेवर घ्या. सुरी शेवटच्या टप्प्यात 'टक्' करून बसली पाहिजे. प्लास्टिक तापवून सुरीवर म्यानाचा साचा घेताना पात्याला मास्किंग टेपचे दोन थर लावले की आत पात्याला मोकळीक राहते. सैल पडलेलं कायडेक्सचं (तापवून आकार देता येणाऱ्या कडक प्लास्टिकचं) म्यान फेकू नका. साधारण १६० अंश सेल्सिअसला ते मऊ होतं. कडेजवळचा भागच हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तापवा, सुरी घाला आणि गार होईपर्यंत दाबून ठेवा. उन्हात बंद गाडीत मात्र म्यान टाकून ठेवू नका.

घाबरून फार घट्टही करू नका. पायाला दोर गुंडाळलाय, एक हात खडकावर आहे, बोटं गारठलीत, अशा वेळी सुरी एकाच हाताने निघायला हवी. म्यानाच्या तोंडाशी अंगठा टेकवायला उंचवटा ठेवा. अंगठ्याने ढकललं की पकड सुटते.

चामडं नकोच. ते पाणी धरून ठेवतं आणि पातं गंजतं. प्लास्टिकच्या म्यानालाही टोकाशी ५-६ मिलिमीटरचं भोक हवं, नाहीतर पाणी आणि वाळू आत साचते. तारकर्लीसारख्या खाऱ्या पाण्यातून आल्यावर सुरी आणि म्यान वेगवेगळे गोड्या पाण्याने धुवा, वेगवेगळेच वाळवा. म्यानाचे स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात सहज न गंजणाऱ्या स्टीलचे घ्या.

राफ्टिंगला म्यान पोटरीवर बांधू नका, दोर तिथेच अडकतो. लाइफ जॅकेटच्या छातीवर, दोन खाचांच्या चौकोनी पट्टीवर, दोन्ही हात पोचतील असं बसवा. सुरी हरवेल म्हणून मुठीला लोंबती दोरी बांधणारे बरेच भेटतात. तो फासच आहे, काढून टाका. सुरी बोथट टोकाची घ्या. परत घालताना टोक चुकलं तरी हवेचा राफ्ट फाटत नाही, हातही वाचतो.

आता मी प्रत्येक नवं म्यान जॅकेटला लावून तलावात उडी मारतो, कोलांट्या घेतो, मग डोळे मिटून आधी उजव्या, मग डाव्या हाताने सुरी काढतो. हातमोजे घालून पुन्हा तेच.