या चुका टाळा: सिम्युलेशनमध्ये सर्व्हर पडतच नाही तेव्हा

मार्च आला की नागपुरात आमच्या लॅबमध्ये, जिथे नेटवर्कवरचे हल्ले सिम्युलेशनमध्ये करून बघतात, फायनल इयरवाल्यांचं ठरलेलं गाऱ्हाणं: "सर, केव्हाचा सिन फ्लड मारून राहिलो, पण सर्व्हर पडतच नाही!" सिन फ्लड म्हणजे कनेक्शन मागणाऱ्या 'सिन' पॅकेटांचा भडिमार, कनेक्शन मात्र पूर्ण करायचंच नाही.

कोड चाळण्याआधी हे बघा: ज्यावर हल्ला करताय, ते मॉडेलमध्ये आहे तरी का? सिन फ्लडचा रोख सर्व्हरकडच्या अर्धवट कनेक्शनच्या यादीवर असतो. 'एनएस-३' या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये त्या यादीला मर्यादाच नाही. नोडला (म्हणजे त्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला) सीपीयू नाही, पॅकेट हाताळायला वेळ शून्य. मग दमणार कोण? तिथे लिंक आणि रांगा तेवढ्या तुंबतात. म्हणून एनएस-३वर यूडीपी फ्लड, म्हणजे नुसत्या पॅकेटांनी लिंक तुंबवणारा हल्ला, शिकवा, तो छान दिसतो.

मग पोरं मिनिनेटकडे, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर आभासी नेटवर्क उभारणाऱ्या साधनाकडे, वळतात. तिथे खरं लिनक्स कर्नल असतं, तरी सर्व्हर ठणठणीत! याला कारण सिन कुकीज: यादी भरली तरी नोंद न ठेवता उत्तर देण्याची युक्ती. १९९६ साली डॅनियल बर्नस्टाईन यांनी सुचवलेला हा उपाय लिनक्समध्ये आता मुळातच चालू असतो. सर्व्हरच्या होस्टवर सिन कुकीजची सेटिंग ० (बंद) करून हल्ला चालवा, मग पुन्हा १ (चालू) करून. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की अर्धं लेक्चर वाचतं.

तरीही यादी भरत नसेल तर पॅकेटं दाखवणारं वायरशार्क उघडा. सर्व्हरच्या प्रत्येक सिन-ॲकमागे (सिनला दिलेल्या उत्तरामागे) गडद लाल ओळ दिसते? तो आरएसटी, म्हणजे कनेक्शन तोडणारं पॅकेट. हल्लेखोराने खोटा पत्ता लावून कनेक्शन ज्याच्या नावावर मागितलं, तो पत्ता जिवंत आहे, "मी कुठे मागितलं होतं?" म्हणत तो सर्व्हरच्या यादीतली नोंद पुसून टाकतो.

व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर नेटवर्क 'ब्रिज्ड' (बाहेरच्या खऱ्या नेटवर्कला जोडलेलं) ठेवू नका, 'इंटर्नल' (आतल्या आत) ठेवा. एका बॅचच्या खोट्या डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरने शेजारच्या लॅबला भलतेच आयपी वाटले होते, तेही ऐन प्रॅक्टिकल परीक्षेत. एचओडींसमोर मी उभा होतो, पोरं टपरीवर.

नेटवर्कवर नेहमीची रहदारी चालू न ठेवता हल्ला मोजणं म्हणजे रात्री दोनला व्हेरायटी चौकात ट्रॅफिकचा अभ्यास करणं. वेब, व्हिडिओ, काहीतरी वाहतं ठेवा.

आणि एनएस-३चा रन नंबर दरवेळी बदला. यादृच्छिक आकडे ठरवणारे सीड आणि रन तेच असले की उत्तर दशांशापर्यंत तेच येतं. एकाने दहा रनची सरासरी काढून रिपोर्टात लिहिलं होतं, "निकाल अत्यंत स्थिर."