रिव्हर क्रूझवर नदीकाठची गावं आणि तिथली वाईन: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

क्रूझ म्हटलं की समुद्रातलं बारा मजली जहाज डोळ्यांसमोर येतं. युरोपातल्या नद्यांवरची बोट तशी नसते. तिथल्या बऱ्याच लॉकची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, रुंदी १२ मीटर असते, म्हणून बोटही साधारण ११.४ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त १३५ मीटर लांब बांधतात. दीड-पावणेदोनशे प्रवासी मावतात. एवढ्या आकाराचा मोठा फायदा म्हणजे बोट थेट गावाला लागते. पंचगंगा घाटावर उतरून चालत अंबाबाईच्या देवळापर्यंत जावं, इतकंच अंतर धक्का आणि गावचौक यांच्यात असतं. म्हणून ही सहल बसमधून करायची नाही, पायी करायची. कंपनीची बस सगळ्यांना एकाच मोठ्या वायनरीत नेते. ज्यांचा स्वतःचा द्राक्षमळा आहे आणि जे स्वतःच्या अंगणात वाईन पाजतात, त्यांची घरं बहुतेक वेळा धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावरच असतात.

तारीख आणि सवलत पाहून बुकिंग करण्याआधी नदी ठरवा, कारण वाईन नदीप्रमाणे बदलते.

पहिल्या खेपेला डॅन्यूबवरचा पासाऊ ते बुडापेस्ट हा टप्पा सोपा. त्यातला मेल्क ते क्रेम्स हा ३६ किलोमीटरचा ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्याचा भाग युनेस्कोच्या वारसा यादीत २००० सालापासून आहे. मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ १०८९ सालचा, पण आज दिसते ती पिवळी इमारत अठराव्या शतकातली. ड्यूर्नश्टाइनच्या वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३च्या हिवाळ्यात कैदेत होता. किल्ल्याची चढण खडकाळ आहे, अर्धा तास धरा आणि पाणी बरोबर घ्या. मेल्क ते क्रेम्स प्रवास दिवसा आहे का, हे कार्यक्रमपत्रिकेत तपासा. काही कंपन्या हा टप्पा रात्री उरकतात. तसं असेल तर दुसरी कंपनी पाहा, कारण मळ्यांच्या दगडी पायऱ्या पाण्यावरून पाहणं हाच इथला अर्धा आनंद आहे.

वाखाऊची पांढरी वाईन मुख्यतः दोन द्राक्षांची: ग्रूनर फेल्टलिनर आणि रीसलिंग. बाटलीवरच्या तीन शब्दांवरून ती किती जड आहे ते कळतं. श्टाइनफेडर म्हणजे ११.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, फेडरश्पील ११.५ ते १२.५, आणि श्मारागड किमान १२.५. श्मारागड हे नाव मळ्याच्या दगडांवर ऊन खात बसणाऱ्या हिरव्या सरड्यावरून आलं. दुपारी उन्हात फिरणार असाल तर श्टाइनफेडर किंवा फेडरश्पील मागा. श्मारागड रात्रीच्या जेवणाला ठेवा.

गावात शिरल्यावर दारावर पाइनच्या डहाळीची जुडी किंवा ‘आउसगश्टेक्ट’ अशी पाटी दिसली की ते घर आज उघडं आहे असं समजा. अशा घराला हॉयरिगर म्हणतात. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली शेतकऱ्यांना स्वतःच्या घरी स्वतःची वाईन विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही रीत. घरं आळीपाळीने उघडतात, म्हणून कोणाच्या तरी जुन्या यादीवर विसंबू नका, डहाळी पाहा. ‘आख्टल’ म्हणजे लीटरचा आठवा भाग, ‘फिअरटल’ म्हणजे चौथा. आख्टलनेच सुरुवात करा. खायला पाव, चीज आणि लिप्टाउअर, म्हणजे पापरिका घातलेला चीजचा लेप मिळतो, तो बहुतेक वेळा शाकाहारी माणसालाही चालतो. बऱ्याच घरी कार्ड चालत नाही, तेव्हा पाच-दहा युरोच्या नोटा जवळ ठेवा.

जर्मनीतल्या ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांचा मार्ग ज्यांना किल्ले आणि रीसलिंग दोन्ही हवंय त्यांच्यासाठी. बिंगेन ते कोब्लेन्झ हा ६५ किलोमीटरचा ऱ्हाइनचा भाग २००२ पासून वारसा यादीत आहे. काठावर किलोमीटरचे मोठे आकडे लिहिलेले असतात. ५४६च्या आसपास काउबला नदीच्या मधोमध जकातीसाठी चौदाव्या शतकात बांधलेला फाल्त्स किल्ला येतो, ५५४ला लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा. आकडे कागदावर लिहून घ्या, नाहीतर निवेदन ऐकू येईपर्यंत किल्ला मागे जातो.

मोझेल त्याहून शांत. कोखेम आणि बर्नकास्टेल-कुएस इथली लाकडी चौकटींची घरं, आणि ब्रेमजवळचा काल्मोंट हा ६५ अंशांपर्यंत उताराचा मळा. काळी पाटीदगडाची जमीन दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते, म्हणून इतक्या थंड भागातही द्राक्ष पिकतं. वेली इथे रोमनांच्या काळापासून आहेत. नॉयमागेन-ड्रोनला पिंपांनी भरलेल्या रोमन नौकेचं दगडी शिल्प सापडलं. मूळ शिल्प ट्रिअरच्या संग्रहालयात आहे आणि गावात त्याची प्रतिकृती. कोल्हापूरच्या माणसाने जाण्याआधी टाउन हॉल म्युझियममध्ये एक चक्कर मारावी. १९४४-४५ला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा रोमन बनावटीची पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली. ज्या जगात मोझेलच्या काठाने वाईनची पिंपं वाहिली जात होती, त्याच जगाशी आपल्या पंचगंगेकाठच्या गावाचा व्यापार जोडलेला होता. हे ठाऊक असलं की ट्रिअरचं ते शिल्प परकं वाटत नाही.

जर्मन लेबल वाचताना लोक हमखास फसतात. ‘ट्रॉकन’ म्हणजे कोरडी, गोड नसलेली; ‘हाल्बट्रॉकन’ किंवा ‘फाइनहेर्ब’ म्हणजे किंचित गोड. काबिनेट, श्पेटलेसे, आउसलेसे हे शब्द द्राक्ष तोडताना त्यात किती साखर होती ते सांगतात, वाईन गोड आहे की नाही ते नाही. शब्द आठवले नाहीत तर अल्कोहोलचा आकडा पाहा. रीसलिंगवर ८-९ टक्के असेल तर बरीच साखर आंबायची राहिली आहे, म्हणजे वाईन गोड. १२ किंवा वर असेल तर बहुधा कोरडी.

पोर्तुगालची डूरो नदी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी. हा मळ्यांचा प्रदेश १७५६ सालीच सीमा आखून ठरवला गेला. पोर्तोपासून स्पेनच्या हद्दीपर्यंत पाच लॉक आहेत आणि त्यातला कारापाटेलो बोटीला सुमारे ३५ मीटर उचलतो. इथे बोटी रात्री चालत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी गावात फिरायला मिळतं. पिन्याव स्टेशनच्या निळ्या टाइल्सवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, ती चुकवू नका. पोर्ट वाईनमध्ये आंबणं अर्ध्यावर असताना ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. साध्या वाईनच्या हिशोबाने ती प्यायली तर दुसऱ्या दिवशीचं गाव हातचं जाईल. ६० मिलिलीटर पुरे.

फ्रान्समधल्या ऱ्होनचं थोडक्यात: लियों ते आव्हिन्यों, जड लाल वाईन, आणि आव्हिन्योंमधलं १३०९ ते १३७७ या काळातलं पोपचं आसन. उन्हाळ्यात तिथे फार तापतं, मे किंवा सप्टेंबर बरा.

नदीचं पाणी

राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली हे पावसाळ्यात रोज पाहणाऱ्यांना हा भाग समजावून सांगायला नको. ३९ फुटांना इशारा आणि ४३ला धोका आपल्याला पाठ असतो, तसंच ऱ्हाइनवरच्या लोकांना काउबचं मापक पाठ असतं. फरक एवढाच की तिथे भीती बहुतेक वेळा कमी पाण्याची. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबचा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, कारण मापकाचं शून्य तळाच्या वर आहे. मापकावर ४० सेंटिमीटर असेल तर बोटींच्या वाटेत साधारण दीड मीटर पाणी असतं. प्रवाशांच्या बोटीला ते अपुरं पडू शकतं. पूर आला तर उलट अडचण: बोट पुलाखालून जात नाही. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ मिळतात. तिथल्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. जून २०१३ची खूण पाहा, १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर.

पाणी अडलं की कंपनी प्रवाशांना बसने पुढे नेते किंवा पलीकडे थांबलेल्या दुसऱ्या बोटीवर चढवते. करारात याची मुभा तिने घेतलेली असते आणि पैसे परत मिळतीलच असं नसतं. ते कलम सही करण्याआधी वाचा. साधारणपणे वसंतात पुराचा धोका जास्त, ऑगस्ट ते ऑक्टोबर कमी पाण्याचा. अडचण अशी की द्राक्षतोडणीही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असते. तोडणी पाहायचीच असेल तर बंधारे आणि लॉकमुळे पाणी टिकून राहणारी मोझेल किंवा डूरो निवडा. मोझेलसाठी क्योल्नहून (कोलोन) चढलात तर काउब लागतच नाही, कारण कोब्लेन्झ त्याच्या खालच्या अंगाला आहे. नवरात्र घरी करायचं असेल तर पंचांग पाहूनच तारीख धरा.

व्हिसा, केबिन, जेवण

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच देशाकडे. बोटीवर देश रोज बदलतो, म्हणून कार्यक्रमपत्रिकेवरून मुक्काम मोजा. जर्मनीत १, ऑस्ट्रियात ४, हंगेरीत २ अशा रात्री असतील तर अर्ज ऑस्ट्रियाचा. मुक्काम समसमान असेल तर जिथे प्रथम उतरणार तो देश. चुकीच्या देशाकडे केलेला अर्ज परत येतो आणि तारीख निघून जाते. बंदरांच्या नावांसह दिवसवार पत्रिका जोडा. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, पण दोन-तीन महिने हाताशी ठेवा. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आतला हवा. बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर ते पुन्हा वापरले जाऊ शकतात. बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडला जाणारी क्रूझ असेल तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागा. सर्बिया शेंगेनबाहेर आहे, आणि एकेरी व्हिसावर बाहेर पडलात तर परत आत येता येणार नाही.

केबिनवर फार पैसे घालू नका. खालच्या मजल्याची खिडकी पाण्याच्या जवळ असते आणि उघडत नाही, पण दिवसभर तुम्ही गावात किंवा डेकवरच असता. फक्त इंजिनाजवळची, मागच्या टोकाची केबिन टाळा. महागड्या बाल्कनीसमोरही धक्क्यावर दुसरी बोट चिकटून उभी राहते, कारण जागा कमी म्हणून बोटी शेजारी शेजारी बांधतात.

‘व्हेज’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. मांस, मासा, अंडं आणि मांसाचा स्टॉक यातलं काय चालत नाही ते निघण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवा, कारण सूप बऱ्याचदा स्टॉकवरच होतं. वाईन निवळण्यासाठीही काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन वापरतात. कडक पाळणाऱ्यांनी बाटलीवर ‘व्हेगन’ लिहिलंय का ते पाहावं.

पायात रबरी तळव्याचे बूट घाला. कातडी तळव्याची कोल्हापुरी ओल्या दगडी फरशीवर घसरते. गावात उतरताना बोटीचं कार्ड, बोटीचा फोन नंबर आणि धक्क्याचा फोटो जवळ ठेवा, कारण बोट कधी कधी दुसऱ्या धक्क्यावर हलवतात. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी परता. बोट सुटलीच तर घाबरू नका. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे, पुढचं बंदर गाठता येतं. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारी करा.

चव घेताना

त्या दिवशी अत्तर लावू नका. तंबाखू, मसाला सुपारी किंवा घरून नेलेलं लोणचं खाऊन जाऊ नका, तासभर तरी जिभेला दुसरं काही कळत नाही. चार ते सहा वाईन प्रत्येकी ३०-५० मिलिलीटर येतात. क्रम हलक्याकडून जडाकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे. ग्लास दांड्याला धरा, हलकासा फिरवा, आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडभर फिरवा. भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं अगदी रीतसर आहे, मळेवालेही तेच करतात. दोन वाईनमध्ये पाणी प्या. आवडलेल्या बाटलीचं लेबल तिथेच फोटोत घ्या, नाव नंतर आठवत नाही.

परतताना भारतात माणशी दोन लीटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलीटरच्या दोन बाटल्या आणि ३७५ची एक छोटी. त्या चेक-इन बॅगेत, मधोमध, कपड्यांत गुंडाळून आणि प्लॅस्टिक पिशवीत बांधून ठेवा. घरी आल्यावर प्रवासाने ढवळलेली वाईन दोन आठवडे शांत राहू द्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात ठेवू नका, फ्रिजच्या तळाला आडवी ठेवा. तांबड्या रश्श्याबरोबर जड लाल वाईन उघडू नका. जास्त अल्कोहोल आणि टॅनिनने (लाल वाईनमधला तुरटपणा) तिखट आणखी जाळतं. हाल्बट्रॉकन रीसलिंग ८-१० अंशांपर्यंत गार करून घ्या, तिची किंचित साखर तिखटाला सावरते. पांढऱ्या रश्श्याला ग्रूनर फेल्टलिनर. त्याच्यात पांढऱ्या मिरीचा वास असतो आणि खोबऱ्याच्या स्निग्ध चवीला तो चांगला उठाव देतो.